तंत्रज्ञानातील अनुभवानंतर एक्झिक्युटिव्ह एमबीए: खान्देशातील नोकरदारांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून अभियांत्रिकीची किंवा संगणकशास्त्राची पदवी घेऊन पुणे, मुंबई, बंगळुरू येथे गेलेली आणि दहा-पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर टीम लीड, आर्किटेक्ट किंवा डिलिव्हरी मॅनेजर झालेली खान्देशी मंडळी आज गावोगावी सापडतात. २०२० नंतर घरून काम करण्याची सोय झाल्यामुळे त्यांच्यापैकी काही जण जळगावला, भुसावळला, शिरपूरला परतून स्थिरावलेही आहेत. पस्तिशी ओलांडली की यांतील अनेकांच्या मनात एक बोच घर करते. काम उत्तम येते, हाताखालची माणसेही सांभाळता येतात. परंतु उत्पादनाची किंमत किती ठेवायची, कोणत्या ग्राहकाला नाही म्हणायचे, पुढच्या वर्षी पैसा कुठे घालायचा, हे सारे आधीच ठरलेले असते आणि आपल्यापर्यंत येते ती फक्त मुदतीची तारीख. एक्झिक्युटिव्ह एमबीए, म्हणजे अनुभवी नोकरदारांसाठीचा व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम, हा त्यावरचा एक खरा उपाय आहे. मात्र तो महाग आहे, घरादाराचा वेळ खाणारा आहे आणि संस्था किंवा हेतू चुकला तर हाती फारसे काही लागत नाही. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तांत्रिक निर्णय आणि व्यावसायिक निर्णय यांतला फरक पाहायला आपल्याला लांब जायला नको. आजची विप्रो ही कंपनी १९४५ मध्ये अमळनेरला ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने सुरू झाली आणि वनस्पती तूप व खाद्यतेल हा तिचा धंदा होता. १९६६ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर अझीम प्रेमजी यांना स्टॅनफर्डमधील अभियांत्रिकीचे शिक्षण मध्येच सोडून वयाच्या एकविसाव्या वर्षी कारभार हाती घ्यावा लागला आणि पुढे कंपनी संगणकाच्या व्यवसायात उतरली. तेलाच्या धंद्यातील पैसा संगणकात घालायचा की नाही, हा प्रश्न कोणत्याही अभियंत्याला तांत्रिक ज्ञानाच्या बळावर सोडवता आला नसता. भांडवल, जोखीम, बाजार आणि माणसे यांचा एकत्र विचार करणारा तो निर्णय होता, आणि एक्झिक्युटिव्ह एमबीएच्या वर्गात सराव होतो तो अशाच निर्णयांचा.

पहिला टप्पा: कोणता निर्णय आपल्या हाती हवा, ते लिहून काढणे

“पुढे जायचे आहे” हे कारण पुरेसे नाही. एका कागदावर गेल्या दोन वर्षांतील असे तीन-चार निर्णय लिहावेत, जे आपल्या कामावर थेट परिणाम करणारे होते आणि तरीही ज्यांत आपल्याला विचारले गेले नाही. प्रत्येकापुढे प्रामाणिकपणे नोंद करावी की आपल्याला का विचारले गेले नाही: हिशेबाची भाषा येत नव्हती म्हणून, ग्राहकाशी संबंध नव्हता म्हणून, पद लहान होते म्हणून, की केवळ वरिष्ठांशी जमत नव्हते म्हणून. पहिल्या दोन कारणांवर शिक्षणाचा इलाज आहे. तिसऱ्यावर कधीकधी आहे. चौथ्यावर अजिबात नाही. तिथे नोकरी बदलणे स्वस्त पडते.

या यादीवरून एमबीएची गरज आहे की नाही हेही कळते. ज्यांना सखोल तांत्रिक वाटच आवडते, प्रिन्सिपल इंजिनिअर किंवा संशोधनाकडे ज्यांचा ओढा आहे, त्यांनी या पदवीवर पैसे घालू नयेत. ज्यांना प्रॉडक्ट मॅनेजमेंट, सल्लागार क्षेत्र, एखाद्या विभागाची नफ्या-तोट्याची जबाबदारी, स्वतःचा उद्योग किंवा घरचा व्यवसाय वाढवणे यांपैकी काही साधायचे आहे, त्यांना तिचा उपयोग होतो. घरच्या व्यवसायाचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. डाळ मिल, जिनिंग, केळीचा व्यापार, पाइप कारखाना किंवा सराफी पेढी असलेल्या घरातील मुलगा किंवा मुलगी आयटीत असणे खान्देशात नवलाचे नाही, आणि अशांना या अभ्यासक्रमाचा सर्वांत जास्त लाभ होऊ शकतो असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा टप्पा: पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र यांतील भेद ओळखणे

सर्वाधिक फसगत इथे होते. ‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द नावात असलेला प्रत्येक अभ्यासक्रम पदवी देत नाही. आयआयएम कायदा २०१७ मध्ये संमत होऊन जानेवारी २०१८ अखेर लागू झाला आणि त्यामुळे आयआयएम संस्थांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. त्यापूर्वी त्या पदविका देत असत. परंतु त्याच आयआयएम संस्था काही महिन्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालवतात, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्या खासगी कंपनीचा प्रतिनिधी फोनवर बोलताना हा भेद बहुधा पुसट करून टाकतो. त्याला एकच प्रश्न लेखी विचारावा: शेवटी हाती पडणाऱ्या कागदावर नेमके कोणते शब्द छापलेले असतील? उत्तर ईमेलवर मिळाल्याशिवाय नोंदणीची रक्कम भरू नये. खर्चाचाही संबंध आहे, कारण पदवी न देणाऱ्या अशा लघुमुदतीच्या अभ्यासक्रमांच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो.

विद्यापीठाचा ऑनलाइन किंवा दूरस्थ एमबीए घ्यायचा असेल तर त्या विद्यापीठाला त्या सत्रासाठी त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, हे आयोगाच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे. हैदराबाद व मोहाली येथील आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) या खासगी संस्थेचा कार्यक्रम म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे, तरी खासगी उद्योगात त्याचे वजन मोठे आहे. आपल्या भागात दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, भुसावळची रेल्वे आणि भुसावळ-वरणगावचे आयुध निर्माणी कारखाने येथे नोकरी करणारे तंत्रज्ञ बरेच आहेत. त्यांना पदोन्नतीसाठी शिक्षणाची नोंद सेवापुस्तकात करून घ्यायची असते, म्हणून त्यांनी मान्यताप्राप्त पदवीच घ्यावी आणि प्रवेशापूर्वीच कार्यालयाची लेखी परवानगी काढावी.

तिसरा टप्पा: अभ्यासक्रमाचे स्वरूप आणि आपले अंतर

ढोबळ मानाने चार प्रकार आहेत. अहमदाबाद, बंगळुरू, कोलकाता येथील आयआयएमचे एक वर्षाचे पूर्णवेळ निवासी अभ्यासक्रम हा पहिला. यात नोकरी सोडावी लागते. दुसरा प्रकार शनिवार-रविवारी प्रत्यक्ष वर्ग असणारा. तिसऱ्या प्रकारात बहुतेक वर्ग थेट ऑनलाइन होतात आणि काही महिन्यांनी एकदा काही दिवस संस्थेत राहावे लागते. चौथा म्हणजे पूर्ण ऑनलाइन किंवा दूरस्थ; यात इग्नू आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही सरकारी नावे सर्वांना ठाऊक आहेत. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातही व्यवस्थापनाचे शिक्षण मिळते, परंतु नियमित एमबीएचा वर्ग हा नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांना समोर ठेवून आखलेला असतो आणि अनुभवी माणसाला तिथे सोबतीचा लाभ कमी मिळतो.

पुण्यात राहणाऱ्याने पुण्यातलाच शनिवार-रविवारचा वर्ग घ्यावा, त्यात विचार करण्यासारखे फारसे काही नाही. जळगाव-भुसावळला राहणाऱ्याचे तसे नाही. भुसावळ ते मुंबई हे रेल्वेने सुमारे ४४५ किलोमीटर अंतर आहे. शुक्रवारी रात्री गाडी पकडायची, दोन दिवस वर्गात बसायचे, रविवारी रात्री परतीची गाडी, आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामाची बैठक, हे वेळापत्रक कागदावर जमते, पण दीड-दोन वर्षे दर आठवड्याला कोणाचेही शरीर ते सहन करत नाही. खान्देशात राहून शिकणाऱ्यांनी तिसरा प्रकार निवडावा, हे माझे ठाम मत आहे. धुळे, शिरपूरकडच्या मंडळींनी मुंबई-पुण्याच्या पलीकडेही नजर टाकावी. आयआयएम इंदूरचा परिसर राऊजवळ आहे, आणि मुंबई-आग्रा महामार्गाने सेंधव्यावरून जाणाऱ्याला राऊ इंदूर शहराच्या आधीच लागते. धुळेकरांना हे अंतर पुण्यापेक्षा कमीच आहे, तरी आपल्याकडच्या लोकांच्या यादीत हे नाव क्वचितच असते.

चौथा टप्पा: पैशांचा हिशेब

शुल्क हा खर्चाचा केवळ एक भाग आहे. अग्रगण्य संस्थांच्या एक वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचे शुल्क आज तीस लाखांच्या वर गेले आहे. त्याउलट इग्नूचा एमबीए लाखाच्या आत होतो. समजा, वय ३८ आहे, हातात पडणारा वार्षिक पगार १८ लाख आहे आणि निवडलेल्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचे शुल्क ३२ लाख आहे. मग खरा खर्च ३२ लाख नसून ५० लाख आहे, कारण वर्षभराचा पगारही बुडतो. पदवीनंतर हाती येणारा पगार वर्षाला सहा लाखांनी वाढला, तर व्याज न धरताही ही रक्कम वसूल व्हायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल, म्हणजे अभ्यासक्रमाचे वर्ष धरून वय ४७ होईल. हाच हिशेब तिशीतल्या माणसासाठी बराच अनुकूल निघतो. अडतीस-चाळिशीनंतर पूर्णवेळ अभ्यासक्रम फक्त त्यांनीच घ्यावा, ज्यांना क्षेत्रच बदलायचे आहे. ज्यांना आहे त्याच क्षेत्रात वर चढायचे आहे त्यांनी नोकरी सोडू नये.

कर्जाचा विचारही आकड्यांतच करावा. २० लाखांचे कर्ज १० टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ३३,२०० रुपये बसतो आणि एकूण व्याज पावणेआठ लाखांच्या वर जाते. घरकर्जाचा हप्ता आधीच चालू असेल तर दोन्ही हप्ते मिळून पगाराचा किती भाग जातो ते आधी पाहावे. जुनी करप्रणाली निवडलेल्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते, ती ८०ई या कलमाच्या नावाने ओळखली जाते; परतफेड सुरू झाल्यापासून जास्तीत जास्त आठ वर्षे ती घेता येते आणि नव्या करप्रणालीत ती मिळत नाही.

तारणाच्या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. घरी दहा-बारा एकर बागायत असली की कर्जाची चिंता नाही, असे घरची वडीलधारी मंडळी धरून चालतात. प्रत्यक्षात शेतजमिनीवर बँकेला सरफेसी कायद्याखाली, म्हणजे न्यायालयात न जाता तारण विकून, वसुली करता येत नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्जाला सातबारा तारण म्हणून घ्यायला बँका सहसा तयार होत नाहीत. शहरातील घर, बिनशेती प्लॉट, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी मात्र चालते. नामांकित संस्थांच्या विद्यार्थ्यांना काही बँका बऱ्याच मोठ्या रकमेपर्यंत विनातारण कर्ज देतात, त्यामुळे संस्थेचे नाव बँकेच्या यादीत आहे का, ही चौकशी प्लॉटची कागदपत्रे शोधण्याआधी करावी.

कंपनीकडून मदत मिळते का, हेही विचारावे, पण मिळणाऱ्या पैशांबरोबर येणारा करार शब्दन् शब्द वाचावा. दोन-तीन वर्षे नोकरी न सोडण्याची अट त्यात असते, आणि ती मधेच मोडली तर सगळी रक्कम एकदम परत करावी लागते. पदवी मिळताच बाहेर पडायचे ठरलेले असेल तर असा करार न केलेलाच बरा.

पाचवा टप्पा: प्रवेश परीक्षा

पूर्णवेळ अभ्यासक्रमांना बहुधा जीमॅट किंवा जीआरई लागते; काही संस्था कॅटचे गुण स्वीकारतात किंवा स्वतःची परीक्षा ठेवतात. जीमॅटचे स्वरूप नोव्हेंबर २०२३ पासून बदललेले आहे. आता ती सव्वादोन तासांची असून त्यात गणित, भाषिक तर्क आणि माहिती विश्लेषण असे ४५ मिनिटांचे तीन विभाग आणि एकूण ६४ प्रश्न असतात. गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात आणि पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. भूमिती आणि वाक्यदुरुस्ती हे भाग गेल्यामुळे जुन्या पुस्तकांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. अनुभवी उमेदवारांसाठी एक्झिक्युटिव्ह असेसमेंट नावाची ९० मिनिटांची, ४० प्रश्नांची वेगळी परीक्षा आहे; आपली संस्था ती स्वीकारत असेल तर तीच द्यावी, कारण तिला तयारी कमी लागते.

तंत्रज्ञानातील लोक गणिताचा सराव आवडीने करतात आणि भाषिक तर्काकडे पाठ फिरवतात, वास्तविक गुण तिथेच अडकतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी रोज एक लांब इंग्रजी लेख वाचून त्यातील दावा, त्याचा आधार आणि न सांगितलेले गृहीतक अशा तीन गोष्टी लिहून काढाव्यात. शब्दसंग्रहाची यादी पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

परीक्षा घरूनही देता येते. परंतु खोलीत परीक्षाभर दुसरे कोणी येता कामा नये आणि वीज किंवा इंटरनेट गेले तर अडचण होते. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांनी आणि वीज भरवशाची नसलेल्यांनी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ असावा आणि त्यावरील नाव नोंदणीतील नावाशी तंतोतंत जुळावे. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी असते, लग्नानंतर स्त्रियांचे नाव बदललेले असते. या तफावतीचे प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्र वेळीच तयार ठेवावे.

सहावा टप्पा: कागदपत्रे, शिफारसपत्रे आणि निबंध

एप्रिलच्या सुमारास सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाचे अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच खुले होतात, म्हणून परीक्षा त्यापूर्वी उरकलेली असावी. आपल्या विद्यापीठाचे नाव २०१८ मध्ये बदलले. त्यापूर्वीच्या पदवीपत्रावर केवळ ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असते. पडताळणी करणाऱ्या परप्रांतीय संस्थेचा गोंधळ होऊ नये म्हणून अर्जातच एका ओळीत हा खुलासा करावा. ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांच्या प्रमाणित उताऱ्यासाठी, विद्यापीठात हेलपाटे पडतात, त्यामुळे त्या जरुरीपेक्षा जास्त प्रतींत मागवून ठेवाव्यात.

शिफारसपत्रासाठी मोठ्या पदावरच्या माणसामागे लागू नये. ज्याने आपल्याला अडचणीत निर्णय घेताना पाहिले आहे अशा वरिष्ठाचे पत्र, उपाध्यक्षांच्या चार गोड ओळींपेक्षा वजनदार ठरते.

निबंध आणि बायोडेटा यांवर मात्र हात राखू नये. बायोडेट्यात सर्रास आढळणारी ओळ अशी असते: “बिलिंग प्रणालीच्या स्थलांतराचे नेतृत्व केले आणि उपलब्धता ९९.९ टक्क्यांवर नेली.” वाचणाऱ्या प्राध्यापकाला यातून काहीच उमगत नाही. आता हीच गोष्ट अशी लिहून पाहावी: “ग्राहकाची बिलिंग प्रणाली महिन्याला सरासरी चार तास बंद पडत असे आणि तेवढा वेळ त्याची वसुली थांबत असे. जुनी प्रणाली डागडुजी करून चालवणे स्वस्त होते, नवी उभारणे महाग होते. दोन्हींचा तीन वर्षांचा खर्च मी मांडला, नव्या प्रणालीचा आग्रह धरला आणि माझ्या गटातील ज्या दोन ज्येष्ठांचा तिला विरोध होता त्यांनाच आराखड्याचे काम दिले. आज प्रणाली महिन्याला ४३ मिनिटांपेक्षा कमी बंद असते.” काम तेच आहे आणि ९९.९ टक्के म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटेच. परंतु आता त्यात पैसा दिसतो, पर्याय दिसतात, माणसे दिसतात आणि निर्णय कोणाचा होता तेही दिसते. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाबद्दल असे एक परिच्छेदभर लिखाण करून ठेवले की निबंध आणि मुलाखत या दोन्हींची निम्मी तयारी तिथेच होते.

सातवा टप्पा: मुलाखत

मुलाखतीत आपल्या उच्चारांबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. इंग्रजी सावकाश आणि लहान वाक्यांत बोलावे. खरी अडचण वेगळी असते: आपण तांत्रिक शब्दांच्या आड लपतो. यावर एक सराव मी प्रत्येकाला सुचवतो. आपला सर्वांत अवघड प्रकल्प घरातल्या वडीलधाऱ्यांना, काकांना किंवा मामांना, घरच्या अहिराणीत समजावून सांगावा. क्लाउड, सर्व्हर, एपीआय हे शब्द न वापरता त्यांना कळले, आणि “मंग त्यामा फायदा कोनले झाया?” या त्यांच्या प्रश्नाला उत्तर देता आले, की मुलाखतीतील कोणताही प्रश्न अवघड वाटत नाही.

आठवा टप्पा: वर्ग सुरू होण्यापूर्वी हिशेब शिकणे

तंत्रज्ञांना संख्याशास्त्र, कार्यव्यवस्थापन, माहिती विश्लेषण हे विषय सोपे जातात. लेखांकन, वित्त आणि संघटनेतील मानवी वर्तन हे तीन जड जातात. पहिल्या सत्रात नोकरी, प्रवास आणि नवे विषय एकदम अंगावर येतात, म्हणून ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोकड प्रवाह ही तीन पत्रके वाचण्याचा सराव आधीच करावा. जळगावची जैन इरिगेशन ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे, तिचे वार्षिक अहवाल कोणालाही वाचता येतात. २०१९ च्या आसपासची कर्जाची अडचण आणि २०२२ मध्ये पूर्ण झालेली कर्जाची पुनर्रचना या काळातील अहवाल ओळीने वाचले, तर विक्री चांगली असूनही ग्राहकांकडचे येणे वाढले आणि कर्ज फुगले की कंपनीची काय अवस्था होते, हे पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले कळते.

याहून जवळचा अभ्यास जिनिंगमध्ये आहे. आकडे सोयीसाठी गृहीत धरू. एक जिनिंग दिवाळीनंतरच्या हंगामात रोज ५०० क्विंटल कापूस ७,००० रुपये भावाने घेते, म्हणजे रोज ३५ लाखांची खरेदी होते आणि शेतकऱ्याला पैसे लगेच द्यावे लागतात. त्या कापसापासून १७० किलोच्या सुमारे शंभर गाठी रुई मिळते आणि सरकी वेगळी. गाठी बनून, विकल्या जाऊन त्यांचे पैसे हाती यायला ३० दिवस लागले, तर साडेदहा कोटी रुपये सतत अडकून पडतात. आता एखादा संगणक अभियंता येतो आणि वजनकाटा, प्रतवारी व बिले एकमेकांना जोडून ही साखळी तीन दिवसांनी कमी करतो. त्याने काय केले? “प्रक्रिया वेगवान केली” हे तांत्रिक उत्तर झाले. “एक कोटी पाच लाख रुपयांचे खेळते भांडवल मोकळे केले, आणि दहा टक्के व्याजाने पाच महिन्यांच्या हंगामात सुमारे चार लाख सदतीस हजार रुपये वाचवले” हे मालकाला कळणारे उत्तर झाले. मग या कामासाठी मालकाने वीस लाख मोजावेत का, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो, आणि उत्तर लगेच होकारार्थी नाही हेही दिसते. असे एक गणित स्वतः सोडवून गेलेला विद्यार्थी वित्ताच्या वर्गात पहिल्या दिवसापासून भाग घेऊ शकतो.

नववा टप्पा: घर, नोकरी आणि वेळापत्रक

पती किंवा पत्नीची संमती गृहीत धरू नये. अभ्यासक्रमाचे पूर्ण वेळापत्रक समोर ठेवून बोलणी करावीत. त्यात मुलाचे दहावीचे वर्ष येते का, वडिलांची शस्त्रक्रिया लांबणीवर आहे का, धाकट्या भावंडाचे लग्न ठरण्यात आहे का, हे तपासावे. स्त्रियांच्या बाबतीत हा टप्पा अधिक निर्णायक असतो. नोकरी, मुले आणि सासर यांचा भार तसाच ठेवून त्यावर अभ्यासक्रम चढवला तर पहिल्या सत्रातच दमछाक होते, म्हणून कोणती कामे कोण घेणार हे नावानिशी ठरवूनच शुल्क भरावे.

खान्देशात सणांचाही विचार करावा लागतो. कानबाईची स्थापना श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी होते, सारी भाऊबंदकी त्या दिवशी एकत्र येते, आणि नेमका रविवार हा वर्गाचा दिवस असतो. आखाजीला माहेरवाशिणी घरी येतात. हजेरीची अट कडक असल्याने वर्षाच्या सुरुवातीलाच दोन-तीन अशा दिवसांसाठी रजा राखून ठेवावी आणि बाकी रविवारी आपण मिळणार नाही, हे नातेवाइकांना आधीच सांगून टाकावे. उशिरा कळवले तर रुसवे होतात.

कार्यालयात वरिष्ठांना कधी सांगावे, असे अनेक जण विचारतात. पूर्णवेळ अभ्यासक्रम असेल तर प्रवेश निश्चित होऊन शुल्काचा पहिला हप्ता भरल्यावर सांगावे, पण तीन महिन्यांची नोटीस असल्यास तारखा आधीच जुळवून पाहाव्यात. नोकरी चालू ठेवून शिकायचे असेल तर अर्ज करण्यापूर्वीच सांगितलेले चांगले, कारण परीक्षेच्या आठवड्यात रात्रीचे रिलीज आले की त्यांचीच मदत लागते.

दहावा टप्पा: प्रकल्प कुठे करायचा

बहुतेक अभ्यासक्रमांत शेवटच्या सत्रात एक प्रत्यक्ष प्रकल्प असतो, आणि बहुतेक विद्यार्थी तो आपल्याच कंपनीत उरकतात. शक्य असेल तर तसे करू नये. रावेर-यावल पट्ट्यातील केळीची वाहतूक आणि पिकवण केंद्रे, नंदुरबारच्या मिरचीची साठवणूक, जळगावातील डाळ मिलचा कच्च्या मालाचा साठा, यांपैकी कोणत्याही धंद्यात किंमत, साठा आणि उधारी यांचे असे प्रश्न आहेत, ज्यांवर कोणी बसून आकडेमोड केलेली नाही. मालकाला भेटताना लॅपटॉप उघडून सादरीकरण दाखवू नये. एक पूर्ण दिवस त्याच्या गादीवर किंवा काट्याजवळ बसून माल येतो कसा, भाव ठरतो कसा, पैसे कधी मिळतात, हे पाहावे. त्याचे आकडे बाहेर जाणार नाहीत अशी लेखी हमी द्यावी आणि अहवालात कंपनीचे नाव बदलून लिहिण्याची परवानगी मार्गदर्शक प्राध्यापकांकडून आधीच घ्यावी. हंगामाच्या ऐन भरात कोणालाही बोलायला वेळ नसतो. कापसाच्या धंद्यात जायचे असेल तर पोळ्याच्या आसपास, खरेदी सुरू होण्यापूर्वी, पहिली भेट घ्यावी आणि मागील हंगामाच्या वह्या किंवा टॅलीतील नोंदी मागून घ्याव्यात.